मास्टर पी आणि 'नो लिमिट': मूळ ध्वनिमुद्रणं स्वतःकडे ठेवूनही कंपनी का बुडाली?

दक्षिणवारा

अमेरिकन हिप-हॉपचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसपाशी थांबतात. मला दक्षिणेकडचं हिप-हॉप जास्त आवडतं. न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, मेम्फिस, अटलांटा. आणि गाण्यांइतकाच त्यामागचा पैशाचा व्यवहार वाचायला आवडतो, कारण या लोकांना मोठ्या कंपन्यांनी बरीच वर्षं दारातही उभं केलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी आपापल्या गावात स्वतःच्या कंपन्या काढल्या, गाडीच्या डिकीतून कॅसेट विकल्या आणि धंदा अंगावर घेऊन शिकले.

त्यातला सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे मास्टर पी, खरं नाव पर्सी मिलर. न्यू ऑर्लिन्सच्या कॅलिओप या सरकारी घरांच्या वस्तीत वाढला. बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर ह्यूस्टनला गेला, तिथून कॅलिफोर्नियात. आजोबांच्या मृत्यूनंतर भरपाईपोटी १०,००० डॉलर हाती आले, त्यातून रिचमंड गावात त्यानं कॅसेटचं दुकान टाकलं. दुकानाचं नाव 'नो लिमिट'. गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक काय मागतं, कुठली कॅसेट परत परत संपते, हे तो बघत होता. त्यातून त्याच नावानं स्वतःची रेकॉर्ड कंपनी निघाली.

१९९६ मध्ये त्यानं 'प्रायॉरिटी रेकॉर्ड्स'शी करार केला, आणि हा करार आजही संगीत धंद्याच्या वर्गांत शिकवण्यासारखा आहे. प्रायॉरिटीनं फक्त माल दुकानांपर्यंत पोचवायचा. मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी, नो लिमिटकडेच. वाटणी साधारण ८५-१५ अशी सांगितली जाते, त्यातले ८५ नो लिमिटचे. त्याआधी एका बड्या कंपनीनं १० लाख डॉलरची उचल देऊ केली होती आणि आपण ती नाकारली, असं तो स्वतः मुलाखतींत सांगतो.

पुढची दोन वर्षं अफाट होती. १९९७ आणि १९९८ मध्ये त्याचे लागोपाठ दोन अल्बम 'बिलबोर्ड'च्या अल्बम-विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरले. १९९८ या एका वर्षात कंपनीनं वीसहून जास्त अल्बम काढले. कॅलिफोर्नियाचा रॅपर स्नूप डॉग, तोही नो लिमिटमध्ये आला. 'फोर्ब्स'च्या त्या वर्षीच्या सर्वाधिक कमावणाऱ्या कलाकारांच्या यादीत पी १० वा, कमाई ५.६५ कोटी डॉलर.

आणि डिसेंबर २००३ मध्ये नो लिमिटनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

माझा प्रश्न हा. 'मालकी स्वतःकडे ठेवा' हा सल्ला आज प्रत्येक तरुण रॅपरला मिळतो, मुंबई-पुण्यातल्या पोरांनाही. इथे तर मालकी होती. मग पाच वर्षांत गाडा का रुतला? माझं मत आहे, पण आधी तुमची वाचतो.

चिंचेचं_झाड

मस्त विषय. मास्टर पीचं एकच गाणं माहीत होतं, ते 'अँऽऽ' असं ओरडतात ते. त्यामागे एवढा व्याप असेल असं वाटलं नव्हतं. वाचतेय.

हिशोबनीस

लेखापरीक्षण हा माझा धंदा, त्यामुळे राहवत नाही. ८५-१५ ऐकून लोक भारावतात, पण हे ८५ कशातले ते बघायला हवं. खालचे आकडे त्या काळाला धरून मी सोपे केलेले आहेत, कुठल्या खऱ्या करारातले नाहीत.

नेहमीचा करार घ्या. सीडीची छापील किंमत १६ डॉलर. त्यातून 'वेष्टन' म्हणून २५ टक्के आधीच कापले जातात, उरले १२. कलाकाराची रॉयल्टी १२ टक्के, त्यातले ३ टक्के बीट, म्हणजे गाण्यामागचं संगीत, करणाऱ्या प्रोड्यूसरला, म्हणजे हाती ९. बारा डॉलरचे नऊ टक्के म्हणजे १ डॉलर ८ सेंट. १० लाख सीडी खपल्या तर १०.८ लाख डॉलर. ऐकायला बरं वाटतं. पण यातून आधी उचल वळती होते, स्टुडिओचा खर्च वळता होतो, व्हिडिओचा निम्मा खर्च वळता होतो. दहा लाख प्रती विकूनही कलाकार कंपनीचं देणं लागतो, ते असं.

आता नो लिमिटच्या पद्धतीचा करार. दुकानाला सीडी घाऊक १० डॉलरला जाते. वितरकाचा दीड डॉलर गेला, साडेआठ उरले. दहा लाख प्रतींचे ८५ लाख डॉलर.

इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. पुढचं कुणी सांगत नाही. या ८५ लाखांतून सीडी छापायचा खर्च नो लिमिटचा. जाहिरात, व्हिडिओ, स्टुडिओ, आपल्या कलाकारांची रॉयल्टी, सगळं नो लिमिटचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माल परत. दुकानदार न खपलेल्या सीडी परत पाठवू शकत होते. म्हणून वितरक काही रक्कम आधीच रोखून धरतो आणि परतावा आला की त्यातून कापतो. अल्बम चालला तर ८५ टक्के नफा तुमचा, पडला तर जवळजवळ सगळा तोटाही तुमचा.

वर्षाला वीस-बावीस अल्बम काढणाऱ्या कंपनीत पहिल्या पाच-सहांचा नफा उरलेल्यांच्या छपाईत जातो. विक्री वाढत असते तोवर हे कळत नाही, कारण नवा पैसा येत राहतो. विक्री थांबली की दोन वर्षांपूर्वीचा माल दारात येऊन पडतो.

ठेका

हिशोबनीस, दंडवत! हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावलं पाहिजे.

बायूकाठची

मी ह्यूस्टनला बरीच वर्षं आहे. शिकायला आले तेव्हा नो लिमिटचा सुवर्णकाळ चालू होता, त्यामुळे हे सगळं दुकानाच्या मांडणीवर बघितलेलं आहे.

त्या सीडी हातात घेतल्या की पहिलं दिसायचं ते मुखपृष्ठ. हिऱ्यांनी मढवलेली अक्षरं, सोन्याचा रणगाडा, आग, गाड्या, आणि मध्ये कलाकार. ही मुखपृष्ठं आमच्या ह्यूस्टनमधल्या 'पेन अँड पिक्सेल' नावाच्या कंपनीत बनायची. न्यू ऑर्लिन्सच्या नो लिमिटचीही आणि त्यांची प्रतिस्पर्धी 'कॅश मनी' हिचीही. आतलं पुस्तक उघडलं की गाण्यांचे शब्द नसायचे. पानंच्या पानं पुढच्या अल्बमांच्या जाहिराती असायच्या: याचा येतोय, त्याचा येतोय, छोटी छोटी मुखपृष्ठं ओळीनं लावलेली. माझ्या खोलीतल्या मुलीनं एक सीडी आणली आणि ती पानं बघून पुढच्या दोन कुठल्या घ्यायच्या ते तिथेच ठरवलं. प्रत्येक अल्बममध्ये गटातले सगळे येऊन दोन कडवी म्हणून जायचे, म्हणजे एक घेतला की बाकीच्यांची ओळख आपोआप.

जाहिरातीचा खर्च वाचवायची ही युक्ती मला अजूनही थोर वाटते. पण हिशोबनीस म्हणतात ते माझ्याही डोळ्यांसमोर घडलं. २००० नंतर त्याच सीडी स्वस्तातल्या खोक्यांत दिसायला लागल्या.

अवांतर: ह्यूस्टनचा डीजे स्क्रू. तो गाणी संथ करून, कापून-जोडून टेप बनवायचा आणि घरूनच विकायचा. लोक गाड्या घेऊन रांगा लावायचे. पुढे त्यानं त्या टेपचं दुकान काढलं. कंपनी नाही, वितरक नाही, माल परत नाही. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, फार लवकर. त्याच्या रेकॉर्ड आणि कागदपत्रं आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. धंदा लहान ठेवणं हाही एक मार्ग होता, हे सांगायचं होतं.

बंडू_नाना

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण मी वेगळं बोलणार. या गाण्यांत काय असतं? गर्द विकणं, बंदुका, बायकांबद्दल वाटेल ते. त्यातून पैसा मिळवला, मग कंपनी बुडाली, तर हळहळ कशाला? मास्टर पीचा सख्खा भाऊ सी-मर्डर खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय.

दक्षिणवारा

नाना, तुमचा आक्षेप मी झटकून टाकत नाही. बायकांबद्दलची भाषा मलाही खटकते आणि तिचं समर्थन मी करणार नाही.

पण कॅलिओपसारख्या वस्तीत त्या काळी मुलं मरत होती हे खरं आहे. पीचा एक भाऊ, केव्हिन, १९९० मध्ये मारला गेला. त्यानंतर पीनं हा धंदा मनावर घेतला. त्याच्या कित्येक गाण्यांत मेलेल्या मित्रांची नावं येतात, शोक येतो. सी-मर्डरचं म्हणाल तर खटला २००२ च्या एका नाइट क्लबमधल्या घटनेचा आहे, जन्मठेप २००९ मध्ये झाली, आणि पुढे काही साक्षीदारांनी साक्षी फिरवल्या. तो वाद तिथे अजून चालू आहे. हा धागा पैशाचा आहे, तिथेच राहू या अशी विनंती.

बंडू_नाना

ठीक. मेलेल्या मित्रांच्या गाण्यांचं माहीत नव्हतं. वाचत राहतो.

ठेका

मी मुंबईत बीट बनवतो, थोडं जाहिरातींचं काम, थोडं रॅपरांबरोबर. माझ्या बाजूनं हा विषय फार वेगळा दिसतो, म्हणून जरा लांबण लावतो.

नो लिमिटचा आवाज कुणी बनवला? 'बीट्स बाय द पाउंड' नावाच्या गटानं. केएलसी, मो बी. डिक, क्रेग बी, ओडेल. त्या दोन वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या अल्बमांवर या चौघांचा हात आहे. बँडसारखे ढोल, खालून घुमणारा बेस, न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या मिरवणुकीचा ठेका. दिवसरात्र एकाच स्टुडिओत बसून हे लोक माल काढत होते. वर्षाला वीस अल्बम आणि प्रत्येकात वीस-वीस गाणी, म्हणजे किती बीट लागले असतील विचार करा.

१९९९ मध्ये हा गट निघून गेला. पैसा, श्रेय आणि कराराच्या अटी हे कारण. 'मेडिसिन मेन' या नावानं ते वेगळे काम करू लागले. त्यानंतरचे नो लिमिटचे अल्बम ऐका. मुखपृष्ठ तेच, रणगाडा तोच, पण ढोल गेलेला.

मी स्वतः एका कंपनीसाठी एका रॅपरचा बीट केला होता. रोख रक्कम एकदाच मिळाली, कागदावर सही घेतली, गाणं चाललं, आणि नंतर श्रेयनामावलीत माझं नाव शोधायला लागलं. कंपनीचं नाव घेत नाही. पण केएलसी आणि मंडळी का गेली हे मला कुणी समजावून सांगायला नको.

हिशोबनीस

ठेका, तुमचं म्हणणं भावनेला पटतं, पण कंपन्या भावनेनं बुडत नाहीत. बीटवाले बदलले तरी ब्रँड टिकतो, असं अनेकदा झालंय.

पसारा बघा ना. १९९७ मध्ये पीनं स्वतःच्या पैशानं सिनेमा काढला, थेट व्हिडिओवर आणला. चालला, मान्य. मग आणखी सिनेमे. मग कपडे. खेळणी. कुस्ती. टेलिफोन सेवा. मग खेळाडूंची एजन्सी, 'नो लिमिट स्पोर्ट्स'. १९९९ मध्ये फुटबॉलपटू रिकी विल्यम्सचा करार याच एजन्सीनं केला. न्यू ऑर्लिन्सच्या 'सेंट्स' संघानं त्याला घ्यायला नवे खेळाडू निवडायच्या त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या पाळ्या देऊन टाकल्या होत्या, म्हणजे सौदा करायची ताकद खेळाडूच्या हातात होती. आणि करार काय केला? पक्की रक्कम कमी, बाकी सगळं 'इतके यार्ड पळालास तर इतके' अशा अटींवर. तज्ज्ञांनी तेव्हाच धारेवर धरलं. पुढे विल्यम्सनं एजंट बदलला.

सगळीकडे एकाच माणसाचं डोकं आणि एकाच कंपनीचा पैसा. त्यातच साहेब स्वतः एनबीएमध्ये खेळायला निघाले!

मांडवीपार

बास्केटबॉलवर बोलायला कुणीतरी लागणारच होतं, म्हणून गोव्यातून हजेरी लावतो. त्याला हौशी समजू नका. शार्लट हॉर्नेट्स आणि टोरंटो रॅप्टर्स या दोन्ही संघांच्या पूर्वतयारीच्या सामन्यांत तो खेळलाय. अंतिम संघात जागा मिळाली नाही, पण तिथपर्यंत पोचणं खायचं काम नाही. वर्षाला वीस अल्बम काढणारा माणूस व्यावसायिक सरावाला जातो, त्या तब्येतीला माझा सलाम.

बायूकाठची

हिशोबनीस, पसाऱ्याचं पटलं, पण एक भर घालते. न्यू ऑर्लिन्समध्येच नो लिमिटला तोडीस तोड उभी राहिली ती कॅश मनी. विल्यम्स बंधूंची, १९९१ पासूनची. १९९८ मध्ये त्यांनी 'युनिव्हर्सल'शी करार केला: ३ कोटी डॉलर आणि मास्टरची मालकी कॅश मनीकडेच, असं तेव्हापासून छापून आलंय. त्या करारामागे वेंडी डे या बाईंचा मोठा हात होता. 'रॅप कोअलिशन' नावाची त्यांची ना-नफा संस्था, रॅपरांना करार समजावून देणं हेच काम. माझ्या मते त्यांच्यावर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.

त्याच वर्षीच्या शेवटी त्यांचा रॅपर ज्युव्हेनाइलचा अल्बम आला आणि सगळ्या गाड्यांतून तेच वाजू लागलं. नो लिमिटचं गिऱ्हाईक त्याच गावात, त्याच वयाचं, दुसऱ्या दुकानी गेलं. हे कारण ताळेबंदात दिसत नाही.

ठेका

आणि कॅश मनीचं पुढे काय झालं? माझाच मुद्दा! त्यांचा सगळा आवाज बीट बनवणाऱ्या मॅनी फ्रेशचा. तो पैशावरून गेला. ज्युव्हेनाइल पैशावरून गेला, परत आला. शेवटी रॅपर लिल वेन, जो तिथे पोरवयात आला होता, त्यानं २०१५ मध्ये ५.१ कोटी डॉलरचा दावा ठोकला. त्याचा अल्बम त्या भांडणात अडकला आणि तडजोड झाल्यावर २०१८ मध्ये बाहेर आला. वरून मालकी मिळवली, पण खाली हिशोब दिला नाही.

ओसरीवरून

मी नारायणगावकडचा. रॅपमधलं काही कळत नाही, पण उचल शब्द वाचून थांबलो. आमच्याकडे तमाशाच्या फडात कलाकार मालकाकडून हंगामाआधी उचल घेतो. घरातलं लग्न, आजारपण, घराचं छप्पर. मग वर्षभर नाचून-गाऊन ती फेडायची. हंगाम संपताना थोडी बाकी राहतेच, आणि ती राहिली की पुढच्या वर्षी फड सोडता येत नाही. हिशोबनीसांनी रेकॉर्ड कंपनीचं जे गणित मांडलं ते आमच्या शेजारच्या घरात मी लहानपणापासून बघितलंय. मालकही काही सगळे गब्बर नव्हते. पावसानं जत्रा गेली की तेही सावकाराच्या दारात.

म्हणून मला त्या पर्सीचं कौतुक वाटतं की त्यानं दहा लाखांची उचल नाकारली. रिकाम्या खिशानं नाही म्हणायला काळीज लागतं.

चिंचेचं_झाड

ओसरीवरून, काय लिहिलंत! या धाग्यावरचा सगळ्यांत आवडलेला प्रतिसाद.

एक बाळबोध प्रश्न: कंपनी दिवाळखोर झाली म्हणजे मास्टर पी कफल्लक झाला का?

हिशोबनीस

नाही. आणि ही गल्लत फार होते. कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती. तिची देणी तिच्या मालमत्तेतून, मालकानं वैयक्तिक हमी दिली नसेल तर त्याचं घर सुरक्षित. अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज हा पुष्कळदा देणेकऱ्यांना थोपवून नव्यानं मांडणी करायचा मार्ग असतो. पी नंतरही धंद्यात राहिला. मुलगा रोमिओ २००१ मध्येच बालरॅपर म्हणून गाजला होता, बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत ३ ऱ्या क्रमांकापर्यंत गेला. मुलासाठी टीव्ही मालिका आली, पुढे खाण्याच्या वस्तूंचे धंदे.

याच्या उलट उदाहरण अटलांटाच्या टीएलसी या गायिकांच्या गटाचं. त्या तिघींच्या दुसऱ्या अल्बमच्या अमेरिकेत १ कोटीवर प्रती गेल्या. आणि अल्बम जोरात चालू असताना, १९९५ च्या जुलैमध्ये, त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं ३५ लाख डॉलर. त्यातला मोठा भाग एका घराच्या आगीच्या विम्याच्या दाव्याचा होता, पण मूळ दुखणं करारातली तुटपुंजी रॉयल्टी. तिथे कंपनी श्रीमंत, कलाकार दिवाळखोर. इथे कंपनी दिवाळखोर, मालक तरलेला.

कोर्टाची_पायरी

उशिरा आले. कॉपीराइट कायद्यात काम करते, म्हणून दिवाळखोरीत मालकीचं काय होतं ते सांगते. 'मालकी स्वतःकडे ठेवा' या सल्ल्यातलं सगळ्यांत मोठं भोक तिथेच आहे.

मायामीचा ल्यूथर कॅम्पबेल, म्हणजे 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गटातला ल्यूक. दक्षिणेत स्वतःची कंपनी काढणाऱ्या पहिल्या पिढीतला. विडंबनाच्या हक्कासाठी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ मध्ये जिंकला. तो निकाल आजही सगळीकडे दाखल्याला घेतात. पण त्याच्याच कंपनीतल्या एमसी शाय-डी या रॅपरनं थकलेल्या रॉयल्टीचा दावा लावला, मोठी रक्कम जिंकली, आणि १९९५ मध्ये ल्यूक दिवाळखोरीत गेला. गाण्यांचा साठा तिथून विकला गेला तो आधी त्याच्याच कंपनीचं काम बघणाऱ्या वकिलाच्या 'लिल जो रेकॉर्ड्स'कडे. मास्टर हे घरासारखंच तारण आहे. देणी थकली की तेही जातं. त्यामुळे ठेका यांचा मुद्दा भावनेचा आहे असं मला वाटत नाही. शाय-डीची थकलेली रॉयल्टी हीच तिथे दिवाळखोरीचं कारण ठरली.

पुढचं अजून महत्त्वाचं. अमेरिकन कायद्यात १९७८ पासून दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागायची सोय आहे. कलाकार किंवा त्याचे वारस किमान दोन वर्षं आधी नोटीस देऊन हक्क परत घेऊ शकतात. अट एवढीच की काम पगारी नोकर म्हणून केलेलं नसावं. टू लाइव्ह क्रूनं हीच नोटीस दिली, लिल जो कोर्टात गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युरीनं कलाकारांच्या बाजूनं कौल दिला. दिवाळखोरीत विकून झालेल्या गाण्यांवर!

ठेका, तुमच्यासाठी आपल्याकडचं. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला समान वाटा कुणालाही लिहून देऊ शकत नाहीत. अपवाद फक्त वारस आणि हक्क गोळा करणारी संस्था. असा वाटा सोडून दिल्याची सही घेतलेली असली तरी ती टिकत नाही. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं. तुमच्या त्या बीटला तुम्ही संगीतकार म्हणून नोंदवला आहे का? नसेल तर आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचे सभासद व्हा आणि ते काम आधी नोंदवा. आणि करार मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फी नको.

ठेका

ताई, व्यनि केला आहे. मुदत लिहिलेली दिसत नाही. हात थरथरतायत टाइप करताना.

मांडवीपार

या धाग्याचं सार्थक इथेच झालं. +१००

दक्षिणवारा

सगळ्यांचे आभार. आता माझं मत मांडतो, सुरुवातीला राखून ठेवलं होतं.

हिशोबनीसांचं परताव्याचं आणि पसाऱ्याचं कारण खरं आहे, बायूकाठचीताईंचं कॅश मनीचंही. पण मला पहिला तडा १९९९ चा दिसतो. पीनं प्रायॉरिटीकडून जे मिळवलं, म्हणजे मालकी, मोठा वाटा, स्वतःच्या नावाचा शिक्का, त्यातलं थोडं तरी त्यानं त्या चौघांना द्यायला हवं होतं. ते गेले म्हणून माल फिका पडला, माल फिका पडला म्हणून परत आला. आणि फक्त ते चौघेच गेले नाहीत. मिस्टिकल, फीन्ड हे रॅपर गेले, स्नूपही आपले अल्बम करून गेला. ज्याच्या घरातून एवढे लोक थोड्याच काळात निघतात त्याच्या घरात काहीतरी चुकत असणार. हे लिहिताना मला आनंद होत नाही, कारण मी त्या माणसाचा भक्त आहे.

हिशोबनीस

तुमचा क्रम मला उलटा वाटतो. पसाऱ्यात पैसा अडकला म्हणून त्या चौघांना द्यायला हात आखडला असणार. रिकी विल्यम्सचा करार आणि बीट्स बाय द पाउंडचं जाणं, दोन्ही १९९९. पण या वर्षाबद्दल आपलं एकमत झालं, हे काय कमी आहे!

बायूकाठची

मी दक्षिणवारांच्या बाजूनं. पैसा असताना, १९९८ मध्येच वाटा लिहून द्यायला हवा होता. तेव्हा कुणाचाच हात आखडलेला नव्हता.

ओसरीवरून

कोर्टाची पायरी ताई, एक विचारू? त्या ३५ वर्षांच्या हिशोबानं नो लिमिटमधल्या साध्या कलाकारांना, ज्यांची नावंही इथे कुणी घेतली नाहीत, त्यांना काही मिळू शकतं का?

कोर्टाची_पायरी

मिळू शकतं, काका, आणि प्रश्न अगदी वेळेवर विचारलात. १९९७ मध्ये हक्क दिला असेल तर ३५ वर्षं २०३२ मध्ये भरतात. करार प्रकाशनाचा असेल तर मोजणी थोडी बदलते, पण दूर जात नाही. नोटीस दहा वर्षं आधीपासून देता येते, म्हणजे त्यांच्यासाठी ती खिडकी आत्ता उघडी आहे. ठरलेल्या तारखेनंतर पाच वर्षांत हक्क परत घेतला नाही तर संधी जाते. खरी लढाई होईल ती 'पगारी काम' या कलमावर. कंपन्या करारात ते शब्द घालून ठेवतातच, पण मायामीच्या खटल्यात तसा बचाव करूनही कंपनी हरली. ज्यांच्याकडे १९९७ चा मूळ करार जपून ठेवलेला आहे, त्यांनी तो आज कपाटातून काढून वकिलाला दाखवावा. बीट बनवणाऱ्यांनीही.